लक्ष कुठे जाते यावर निवड ठरते

महोदय,

मेंदू आणि निर्णयक्षमता या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. असा विषय घेतल्याबद्दल आभार. मात्र ‘मोहाच्या क्षणी मन घट्ट करा’ यावरच लेखाचा सगळा भर आहे आणि डोपामिनला त्यात सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हटले आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. हे दोन समज विद्यार्थ्यांच्या मनात इतके पक्के बसलेले असतात की त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी डोपामिनचे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील, डोपामिन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या. सुरुवातीला तोंडात रसाचा थेंब पडला की या पेशी जोरात प्रतिसाद देत. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकड शिकले, तसा त्यांचा प्रतिसाद दिव्याकडे सरकला. प्रत्यक्ष रस मिळताना त्या फारशा हलेनाशा झाल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे या पेशी सुख मोजत नव्हत्या, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मोजत होत्या. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याची सविस्तर मांडणी केली. या तफावतीतूनच मेंदू पुढच्या खेपेस कशाची वाट पाहायची ते शिकतो.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण आधी पर्याय पाहतो, मग त्यांचे मोल ठरवतो आणि मग निवडतो, असे आपल्याला वाटते. पाहणे आणि मोल ठरवणे इतके वेगळे नाही. क्राइबिच, आर्मेल आणि रँगेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भुकेल्या माणसांना पडद्यावर दोन-दोन खाद्यपदार्थांची चित्रे दाखवून एक निवडायला सांगितले होते. कोणता पदार्थ किती आवडतो हे त्यांच्याकडून आधीच विचारून घेतले होते. नजर कुठे आणि किती वेळ टिकते, याची यंत्राने नोंद होत होती. ज्या पदार्थावर नजर जास्त रेंगाळली, तो निवडला जाण्याची शक्यता वाढली. हे आकडे गणिती सूत्रात बसवून पाहिले तेव्हा दिसले की, ज्या पदार्थाकडे त्या घडीला डोळे नाहीत त्याचे मोल मेंदू जवळजवळ एक तृतीयांशच धरतो. नजर हलली की पारडेही हलते.

याचा अर्थ नजर खिळवून माणसाला काहीही घ्यायला लावता येते, असा नव्हे. दोन पर्यायांच्या आवडीत मोठा फरक असेल, तर नजरेचा प्रभाव थोडाच पडतो. ते तुल्यबळ असतील तेव्हा तो निर्णायक ठरू शकतो. नावडता पदार्थ जास्त वेळ समोर ठेवला तर तो उलट आणखी टाळला जातो, हेही याच गटाच्या आधीच्या कामात दिसले होते. लक्ष गोडी निर्माण करत नाही. जे आहे त्याचे वजन वाढवते, गोड असो वा कडू.

लक्ष आणि मोल यांच्यातला हा व्यवहार दुहेरी आहे. अँडरसन, लॉरेंट आणि यांटिस यांनी २०११ मध्ये दाखवलेली गोष्ट मला वर्गात सर्वात उपयोगी पडते. लोकांना लाल किंवा हिरवे वर्तुळ शोधायचे होते. एका रंगाला बहुधा जास्त पैसे मिळत, दुसऱ्याला कमी. नंतर बक्षीस बंद केले, काम बदलले, आता आकार शोधायचा होता आणि रंगाचा काही संबंध उरला नव्हता. तरीही एकेकाळी जास्त पैसे देणारा रंग पडद्यावर कुठेतरी दिसला की लोकांचा वेग घटायचा. फरक सेकंदाच्या काही सहस्रांशांचा, पण तो सातत्याने येत होता. पुढच्या एका अभ्यासात अर्ध्या वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर तपासले, तेव्हाही ही ओढ शिल्लक होती. बक्षीस लक्षाला वळण लावते आणि ते लक्ष पुढच्या निवडीत मोल वाढवते. म्हणूनच प्रयोगशाळेतही बक्षीस आणि लक्ष यांना सुटे करणे अवघड जाते. मेंदूतील पेशी जोरात चालली ती बक्षीस मोठे म्हणून की लक्ष तिकडे म्हणून, हा पेच मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॉन्सेल यांनी २००४ मध्येच स्पष्टपणे मांडला होता.

हे ध्यानात घेतले की ‘मन घट्ट करा’ हा सल्ला किती उशिरा येतो ते कळते. फोनवरचा लाल ठिपका दिसतो आणि आपण ठरवायच्या आत नजर तिथे पोचलेली असते, कारण त्या ठिपक्यामागे कधीतरी काही हवेहवेसे मिळालेले असते. ‘मान्य आहे’ मोठ्या रंगीत बटणावर आणि ‘नको’ फिकट, बारीक अक्षरात असते, तेव्हा दोन्ही पर्याय खुले आहेत हे म्हणणे अर्धेच खरे असते. अशा वेळी मोहात सापडणाऱ्या मुलांना आपण दुबळ्या मनाचे म्हणतो, ते मला अन्यायाचे वाटते. इच्छाशक्तीला काही अर्थ नाही असे मी म्हणत नाही. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारा विद्यार्थी मोहाशी झगडतच बसत नाही, त्याने नजरेपुढून पर्यायच हटवलेला असतो, आणि ही युक्ती शिकवता येते.

लेखमालेच्या पुढच्या भागात वाचकांना संयमाचे धडे देण्याबरोबरच, पडद्यावर काय ठळक दिसावे आणि काय फिकट हे जे ठरवतात त्यांचीही बाजू विचारून छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक