व्हिसाची बातमी देताना तारीख पण द्या की ओ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजारामपुरीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, सातबारा, स्कॉलरशिपच्या जोडीला हल्ली व्हिसाची गिऱ्हाइकं पण लई वाढलीत. पोरगं इंजिनिअर झालं की जर्मनी नाहीतर अमेरिका म्हणतंय आणि आईवडील पेपरचं कात्रण घेऊन दुकानात येतात. माझी तक्रार त्या कात्रणाबद्दलच आहे. 'व्हिसाचे नियम कडक' असं मोठं हेडिंग, पण कुणाला लागू, कधीपासून, आधी अर्ज केलेल्यांचं काय, हे अख्खी बातमी वाचून पण कळत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर फी म्हणून बातमी आली, १९ ला घोषणा, २१ पासून लागू, आणि २२ ला आपली घटस्थापना. आमच्या गल्लीतला एकजण नवरात्रासाठी आलेला, त्यानं घाबरून डबल पैसे मोजून परतीचं तिकीट काढलं, देवीचं दर्शन पण नीट झालं नाही बिचाऱ्याचं. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की हे फक्त नवीन अर्जांना, ज्यांच्याकडं व्हिसा आहे त्यांना नाही. तो खुलासा छापला आतल्या पानावर चार ओळीत. आणि 'कोटा कमी केला' असं अजून लोक सांगत फिरतात, अहो कोटा तोच आहे, वर्षाला ६५ हजार आणि तिथं मास्टर्स केलेल्यांना वर २० हजार. वाढली ती नाव नोंदवायची फी, १० डॉलरची २१५ झाली.

फॉर्मची तर वेगळीच गंमत. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या फॉर्मवर प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख असते, ती जुनी निघाली तर फॉर्म परत येतो. ती पण महिना आधी लिहून, म्हणजे ०४/०१/२४ ला आपली माणसं ४ जानेवारी वाचतात आणि असते १ एप्रिल. त्या दिवशी फी पण वाढली, तेव्हा आय-१२९ (नोकरीच्या व्हिसासाठी कंपनी भरते तो) सारख्या काही फॉर्मना जुनी आवृत्ती चालवायला एक दिवसाची पण सवलत नव्हती आणि बाकीच्या बऱ्याच फॉर्मच्या जुन्या आवृत्त्या जूनच्या सुरुवातीपर्यंत चालत होत्या. हे माहीत असायला माणूस रोज साइट बघणारा पाहिजे.

एजंट लोकांचं तर बोलूच नका. परवा एका काकांनी कॅनडाचं गुळगुळीत माहितीपत्रक आणलं, वर २०२५ चा स्टिकर चिकटवलेला, नखानं उचकटला तर खाली २०२३, आणि आत पोराच्या राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी १० हजार कॅनेडियन डॉलर दाखवा म्हणून छापलंय. तो आकडा २०२४ च्या १ जानेवारीलाच २०,६३५ झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. कॉलेजची फी वेगळी. काका त्या दहा हजाराच्या हिशोबानं एफडी मोडायला निघालेले.

इंग्लंडचं पण तसंच, शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं म्हणून अजून सांगतात. १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दीडच वर्ष मिळणार, पीएचडीवाल्यांना तेवढं तीन. इथं अ‍ॅडमिशन कधी घेतली ते बघत नाहीत, शिक्षणानंतर राहायच्या व्हिसाचा अर्ज कधी केला ते बघतात. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्या पोरानं कर्ज काढताना दीड वर्षाचाच हिशोब धरायला पाहिजे, पण ही गोष्ट बँकेत कर्जाचा फॉर्म भरताना कुणी सांगत नाही आणि आईवडिलांना तर पत्ताच नसतो.

तर साहेब, आठवड्यातून एकदा छोटी चौकट द्या. देश, नियम, लागू तारीख, जुन्या अर्जांना काय, आणि सरकारी साइटचं नाव, एवढंच. राशिभविष्याशेजारी दिली तरी चालेल, ते पान सगळे वाचतात. मी कापून दुकानाच्या काचेवर लावीन.

आपला,
एक फॉर्मवाला, राजारामपुरी, कोल्हापूर