तुलनात्मक साहित्य शिकणाऱ्यांनाही जागा द्या

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की तुमची करिअर पुरवणी येते, त्यात इंजिनीअरिंग मेडिकल सगळं असतं पण तुलनात्मक साहित्याचं (म्हणजे वेगवेगळ्या भाषांमधलं साहित्य शेजारी ठेवून अभ्यासायचा विषय) नावही नसतं म्हणून लिहितेय. मी यातच एमए केलंय. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बोस यांनी १९५६ सालीच हा विभाग सुरू केला, आपल्या मुंबई विद्यापीठात नेमाडे सर या विषयाच्या टागोर अध्यासनावर होते, म्हणजे हे काही नवीन खूळ नाही. यात तुकाराम आणि कबीर शेजारी ठेवून वाचता येतात, दलित साहित्य वाचताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लिखाण समोर येतं (१९७२ च्या दलित पँथरचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलं ना!) आणि मग आपलीच भाषा जास्त कळायला लागते.

नोकरीचं मात्र अवघड आहे. नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेला हा स्वतंत्र विषय आहे, पण प्राध्यापक भरतीच्या जाहिरातीत बहुतेकदा मराठी नाहीतर इंग्रजीचंच एमए मागतात, मग आमच्यातले बरेच जण भाषांतर, सबटायटल्स असली फ्रीलान्स कामं करतात आणि शब्दामागे मिळणारा रेट खूपच कमी असतो. कॉलेजांनी निदान भाषांतराचा पेपर शिकवायला तरी आम्हाला बोलवावं, आणि तुम्ही पुढच्या पुरवणीत अर्धं पान या विषयाला द्याच.

– एक वाचक, पुणे