घरच्या ब्रेडचा हिशेब आणि कृती

ती. आई व बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, चहासोबतचा ब्रेड घरीच केला तर किती वाचेल, असं तुम्ही विचारलंत. भाकरीपेक्षा स्वस्त तो कधीच पडणार नाही. दुकानातल्यापेक्षा पडेल, पण गहू घरचा असेल आणि एकदा तापवलेल्या कुकरात लागोपाठ दोन ब्रेड निघाले तरच. एकाच ब्रेडसाठी कुकर तापवला तर वाचलेलं गॅसमध्ये जातं.

आई, गहू लोकवन घे. बन्सी, खपलीच्या कणकेला ताण कमी, ब्रेड बसका होतो. गिरणीत बारीक दळून आण. एका ब्रेडला 300 ग्रॅम कणीक (पहिल्यांदा निम्मा मैदा), सपाट चमचा मीठ, दोन चमचे साखर, दोन चमचे तेल, चमचाभर इन्स्टंट यीस्ट आणि साधारण 210 मिली पाणी. ज्वारी घालायची असेल तर त्यातलंच 50 ग्रॅम पीठ बदल, जास्त नको. ज्वारीची विरी (पिठाचा चिकटपणा) भाकरी थापायला पुरते, यीस्टची हवा धरून ठेवत नाही.

पीठ आणि पाणी कालवून वीस मिनिटं झाकून ठेव, कोंडा भिजतो. मग बाकीचं घालून दहा-बारा मिनिटं तिंब. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारी हवी. चिकटते म्हणून सुकं पीठ लावत बसलीस तर ब्रेड दगड होईल. हाताला तेल लाव.

खरी गोम फुगवण्यात आहे. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार, तेव्हा तासाच्या आतच कणीक दुप्पट होते. थोडा वेळ जास्त गेला की आंबट वास येतो आणि भाजताना ब्रेड मधेच खचतो. म्हणून उन्हाळ्यात यीस्ट निम्मं आणि पाणी माठातलं. थंडीत पाणी कोमट, दीड-दोन तास धर. पाणी कडकडीत नको, यीस्ट मरतं.

फुगली की दाबून हवा काढ, तेल लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंत भर आणि पुन्हा फुगू दे. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू अर्धा भरला की भाजायला तयार. दुसरा डबा तोवर फ्रिजमध्ये ठेव.

कुकर जुनाच घे. रिंग आणि शिट्टी काढ, तळाला इंचभर जाड मीठ, वर जाळी. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापव, मग डबा ठेवून मंद आचेवर 40-45 मिनिटं. आच खालूनच असल्याने वरचा भाग पांढरा राहतो. डब्यातून काढून दोन मिनिटं तव्यावर पालथा घाल. बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. लगेच दुसरा डबा आत. मीठ तापलेलंच असतं. तेच मीठ पुढच्या वेळीही चालतं, स्वयंपाकात मात्र नको.

बाबा, गरम असताना कापू नका, आत चिकट लागतो. तासभर थांबा. उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसच टिकेल. उरलेल्या चकत्या फ्रीजरमध्ये. साध्या फ्रिजमध्ये उलट लवकर शिळा होतो.

यीस्टचं मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजरमध्येच. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूट साखरेसोबत टाकून बघा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेकून द्या.

कळावे.

तुमची लेक