पायांची मापं पाठवा

पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन चालू राहिला होता आणि बाबा दादाला जे म्हणाले ते मला ऐकू आलं. "दोघांना कशाला चेंडूच्या नादी लावतोस? एकालाच पाठव." दादा गप्प बसला. तो कधीच बोलणार नाही, म्हणून मी लिहितोय. फोनवर सांगायला गेलो असतो तर माझा घसा दाटला असता, आई घाबरली असती आणि सगळं तसंच राहिलं असतं.

बाबा, दादाच्या दोन्ही पोरांना फुटबॉल खेळू द्या. एकाच क्लबात खेळू द्या. त्यांच्यापैकी एकाला निवडायची पाळी दादावर आणू नका.

दादा आणि मी सहा वर्षं आपल्या वस्तीच्या क्लबाकडून खेळलो, हे तुम्हाला माहीत आहे. पण सामन्यात आम्ही दोघं एकाच वेळी जवळजवळ कधीच मैदानात नव्हतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. घरात बूट एकच जोडी. सरावाला काही अडायचं नाही. वस्तीमागच्या काळ्या मातीत सगळीच पोरं अनवाणी असायची. एप्रिलमध्ये त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, अंगठा अडकून नख निघायचं, हळद लावून दुसऱ्या दिवशी परत खेळ. स्पर्धेत मात्र बूट सक्तीचे. फुटबॉलच्या चौथ्या नियमात खेळाडूच्या अंगावर काय काय पाहिजे ते दिलेलं आहे : जर्सी, चड्डी, मोजे, नडगीचे गार्ड आणि बूट. पंच आधी पायांकडे बघतो. म्हणून पहिला हाफ दादा, दुसरा हाफ मी. मध्यंतरात तो रेषेबाहेर बसून नाड्या सोडायचा. त्याचं माप आठ, माझं सहा. तुम्ही कारखान्यातून आणलेली टॉवेलची कातरण मी बुटाच्या पुढच्या टोकात कोंबायचो. बूट त्याच्या घामानं आतून गरम असायचे. त्या गरम बुटात पाय घातला की मला भीती वाटायची नाही.

आई, तू विचारायचीस, एकाचेच गुडघे का सोलतात, दोघं जाता ना? कारण हे होतं.

आता जे लिहितोय ते वीस वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानावर निवड चाचणी होती. दादा एकोणीस वर्षांचा, मी सोळाचा. दोघांचीही नावं यादीत होती. तिथं अर्धा-अर्धा वेळ वाटून घेता येत नव्हता, दोघांना पूर्ण वेळ खेळायचं होतं. सकाळी दादा गुडघ्याला बाम चोळत बसला. म्हणाला, गुडघा धरलाय, बूट तू घाल. मी घातले. तो पायात चपला घालून सायकलवर मला डबलसीट घेऊन आला आणि कडेला उभा राहिला. खेळ चालू असताना एक चेंडू त्याच्याकडे गेला. त्यानं चपला सोडल्या, धावत जाऊन त्याच गुडघ्यावर चेंडू घेतला आणि पार मधल्या रेषेपर्यंत परत मारला. अनवाणी पायानं. त्या क्षणी मला कळलं की गुडघ्याला काही झालेलं नाही. आणि मी काही बोललो नाही. मी खेळत राहिलो.

माझी निवड झाली. त्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या कोट्यातून पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढची नोकरी, हे घर, सगळं तिथून आलं. दादा पुढच्याच महिन्यात तुमच्याबरोबर मागावर उभा राहिला. गिरणी बंद पडल्यापासून तुमची पाठ वाकत चालली होती, ते त्यानं माझ्या आधी पाहिलं होतं. अजूनही घरी पाहुणे आले की तुम्ही म्हणता, "मोठ्याला खेळाचा कंटाळा आला होता." बाबा, हे इथून पुढं म्हणू नका. त्याला कंटाळा आला नव्हता.

हे सगळं वर आलं ते स्पेनमधल्या दोन भावांमुळे. इनाकी आणि निको विल्यम्स. अ‍ॅथलेटिक बिल्बाओ नावाचा क्लब आहे, तो फक्त आपल्या बास्क मुलखाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो. या पोरांचे आई-वडील मूळचे घानाचे. युरोप गाठायला ते सहारा वाळवंटातून बरीच वाट चालत आले. तापलेल्या वाळूनं वडिलांचे तळपाय भाजले, त्याचा त्रास त्यांना पुढंही राहिला. आई-वडिलांनी ही गोष्ट मुलांना कितीतरी वर्षं सांगितली नव्हती. इनाकीला ती कळली तेव्हा तो मोठा झाला होता. वडील कामासाठी लंडनला गेले, आई इथं तिथं राबायची, आणि आठ वर्षांनी लहान असलेल्या निकोकडे इनाकीनं बापासारखं पाहिलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये दोघं पहिल्यांदा क्लबाच्या एकाच संघातून मैदानात उतरले. २०२४ मध्ये अ‍ॅथलेटिकनं कोपा देल रे हा करंडक जिंकला, तब्बल चाळीस वर्षांनी. अंतिम सामना पेनल्टींवर गेला होता. शेवटी दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले तेव्हा मी इथं एकटा बसून रडलो. मला तुमचे पाय दिसत होते बाबा, रात्रपाळीहून आल्यावर परातीत मिठाच्या पाण्यात बुडवलेले. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की दुखतात.

इनाकी लीगमध्ये सलग २५१ सामने खेळला, जवळजवळ सात वर्षं एकही न चुकवता. मला वाटतं हे फक्त ताकदीनं होत नाही. घरात ज्यानं लहानपणीच कर्तेपण घेतलं त्याला सुट्टी घ्यायची सवय नसते. दादाही मागावरून किती दिवस घरी राहिला, आठवून बघा.

भावांनी एका क्लबात खेळणं आपल्याकडंही जुनं आहे. १९११ साली कोलकात्याच्या मोहन बागान क्लबानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांना २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा कर्णधार शिवदास भादुरी होता आणि त्याचा भाऊ विजयदास त्याच संघात होता. अकरापैकी दहा जण अनवाणी. आपल्या शेजारच्या हैदराबादचे हबीब आणि अकबर हे सख्खे भाऊ कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळले. १९७७ मध्ये पेले ईडन गार्डन्सवर आला तेव्हा मोहन बागाननं त्याच्या संघाशी २-२ बरोबरी केली, त्यात एक गोल हबीबचा. आणि इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनकडून १९८८ साली वॉलेस घराण्यातले तीन भाऊ एकाच सामन्यात खेळले, त्यातले दोन जुळे. आई, तीन-तीन पोरांचे चिखलाचे कपडे धुणारी ती बाई कशी असेल, हे वाचताना मला तूच डोळ्यासमोर आलीस, मोरीत जर्सी आपटताना.

तुमची काळजी मला समजते बाबा. फी, प्रवास, अभ्यास, आणि खेळून पोट भरतं का हा प्रश्न. पोट भरेलच असं मी म्हणत नाही. फीचं मी बघतो, दरमहा, दोघांचीही. दादा नको म्हणेल. तुम्ही सांगितलंत तर नाही म्हणणार नाही. थोरला बचावात चांगला आहे, धाकटा डावखुरा आहे आणि त्याला कुणी अजून शिकवलेलंही नाही, तरी चेंडू पायाला चिकटतो. दिवाळीत गच्चीवर बघितलं मी. थोरला चेंडू द्यायच्या आधी धाकट्याकडे बघतो. ते बघायला तुम्ही मैदानावर या. आमच्या एकाही सामन्याला तुम्ही आला नाहीत, मागावर होता. आता वेळ आहे.

गड्ड्याच्या यात्रेला मी चार दिवस येतोय. नंदीध्वजांची मिरवणूक तुमच्याबरोबर बघेन. त्यातल्या एका दिवशी जुनी पोरं जमून सामना ठेवायचा म्हणतायत. एकानं फोन केला, म्हणाला, "काय करलालास बे तिकडं, ये की." दादाला मी अजून विचारलेलं नाही.

म्हणून एक काम सांगतो. जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही नातवांचे पाय ठेवून पेन्सिलीनं मापं काढा, डावा उजवा दोन्ही, आणि पोस्टानं पाठवा. मोबाइलवरच्या फोटोत माप कळत नाही. दोन जोड्या इथून घेऊन येतो, वेगवेगळ्या.

आणि तिसऱ्या कागदावर दादाच्या पायाचं माप घ्या. आठ नंबरच असेल, तरी घ्या. तो लाजेल, उठून जाईल. तुम्ही खाली बसून कागद पुढं केलात तर पाय ठेवेल.

तुमचा,
धाकटा