खरी नोट परत, खोटी गल्ल्यात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बाजारात सध्या पाचशेच्या नोटेची तपासणी जोरात आहे, पण तपासलं जातं ते भलतंच. नंबरामध्ये चांदणी दिसली की दुकानदार नोट परत करतो. हिरवी पट्टी गांधीजींच्या चित्राला जवळ आणि गव्हर्नरच्या सहीपासून लांब असली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘ही नको, दुसरी द्या.’ मोबाइलवर आलेले हे निरोप कुणी सोडले देव जाणे, पण त्यांचा बनावट नोटेशी काडीचा संबंध नाही. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी शंभर नोटांच्या गड्डीत जी बदली नोट घालतात, तिच्या नंबरात चांदणी असते. दहा-वीस-पन्नासच्या नोटांत ही पद्धत २००६ पासून आहे, पाचशेच्या नोटेत ती २०१६ च्या अखेरीस आली. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला मुद्दाम खुलासा करावा लागला की चांदणीची नोटही इतर नोटांसारखीच चलनी आहे. पट्टी इकडे-तिकडे सरकलेल्या नोटांबद्दलही सरकारी खुलासा झालेला आहे, दोन्ही चालतात. तरी भाजीवालीला तिची खरी नोट घेऊन चार दुकानं हिंडावं लागतं.

आणि त्याच दुकानांच्या गल्ल्यात खोटी नोट निमूट जाऊन बसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४-२५ च्या वार्षिक अहवालात त्या वर्षी पाचशेच्या १ लाख १७ हजारांहून अधिक बनावट नोटा सापडल्याची नोंद आहे. आदल्या वर्षीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त. हा आकडा बँकेच्या खिडकीपर्यंत पोचून पकडल्या गेलेल्या नोटांचा. बाजारातल्या बाजारात फिरणाऱ्या नोटा त्यात कुठून येणार? मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट मागे घेण्याचा निर्णय झाल्यापासून रोजच्या वापरातली सगळ्यात मोठी नोट पाचशेचीच उरली, त्यामुळे खोटं छापणाऱ्याचं लक्ष तिच्यावरच असणार.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. त्या बळावर सांगतो, घाईच्या व्यवहारात नोटेवरचं काही वाचत बसू नये. आधी बोटाने पाहावं. पाचशेच्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना पाच-पाच तिरप्या रेघा आहेत, त्या उठावाच्या छपाईच्या आहेत. अंध व्यक्तींना नोट ओळखता यावी म्हणून त्या केल्या, पण डोळसांनाही तितक्याच कामाच्या आहेत. अंगठ्याचं नख त्यांवरून आडवं फिरवलं की खरखर लागते. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि उजवीकडचं गोल चिन्ह यांनाही तसाच उठाव आहे. रंगीत प्रिंटरवर काढलेली नोट दिसायला कितीही हुबेहूब असो, बोटाला ती सपाट लागते. शंभराच्या आणि दोनशेच्या नोटेवर अशा चार-चार रेघा आहेत. दोनशेच्या रेघांमध्ये दोन छोटी वर्तुळं आहेत.

जुन्या, मळक्या नोटेचा उठाव मात्र झिजलेला असतो. तिथे नोट जरा कलती करावी. आतून-बाहेरून डोकावणारा हिरवा धागा, म्हणजे वर सांगितलेली हिरवी पट्टीच, निळा दिसू लागतो आणि खाली उजवीकडचा रुपयाच्या चिन्हासह छापलेला ५०० हा आकडाही हिरव्याचा निळा होतो. हा रंगबदल साध्या शाईला जमत नाही. बनावट नोटेत धाग्याच्या जागी बहुधा चकाकणारी चिकटपट्टी किंवा नुसतीच हिरवी रेघ असते. ती कशीही धरली तरी हिरवी ती हिरवीच. एवढ्याने समाधान झालं नाही तर नोट उजेडासमोर धरावी. उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि बाजूला ५०० चा आकडा कागदाच्या आतून उमटतो. डावीकडे पुढच्या आणि मागच्या बाजूला अर्धवट छापलेला आकडा एकमेकांत बसून पूर्ण होतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या छापून चिकटवणाऱ्यांची इथेच फजिती होते.

जांभळ्या दिव्याचं यंत्र बऱ्याच दुकानांत आलं आहे. चांगलं आहे, पण त्याचा शब्द शेवटचा मानू नये. खऱ्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली उजळत नाही, साधा कागद उजळतो, हे खरं. पण शर्टाच्या खिशात राहून साबणाच्या पावडरीत धुऊन निघालेली खरी नोटसुद्धा उजळते! अशा धुतलेल्या नोटा घेऊन रडकुंडीला आलेली माणसं काउंटरवर नेहमी यायची.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सावध केलं होतं की पाचशेच्या काही बनावट नोटांवर ‘रिझर्व्ह’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात एका ‘ई’ऐवजी ‘ए’ पडला आहे. लगेच लोक स्पेलिंग तपासू लागले. त्या खेपेपुरतं ते ठीकच होतं, पण पुढच्या खेपेला छापणारा स्पेलिंग सुधारणारच की. त्याला उठावाची छपाई आणि रंग बदलणारी शाई आणणं सोपं नाही. शिवाय माणूस वाचतो कुठे? २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका सराफी व्यवहारात गांधीजींच्या जागी अभिनेते अनुपम खेर यांचं चित्र असलेल्या नोटांची बंडलं देऊन सोनं नेल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. वर बँकेचं नावही ‘रिसोल बँक’ होतं. सराफाच्या दुकानात हे चालतं, तर दिवे गेलेल्या भाजी मंडईत काय होत असेल?

खोटी नोट खपवणारा माणूस गर्दी आणि अंधार बघूनच येतो. चाळीस-पन्नासची भाजी, हातात पाचशेची नोट, तोंडाने ‘मावशी, लवकर द्या, गाडी सुटेल.’ भाजी गेली आणि वर साडेचारशेची खरी मोड गेली. मावशीची दिवसभराची कमाई म्हणजे तेवढीच. मोबाइलवर पैसे घेण्याची सोय झाल्यापासून दुकानात बसणाऱ्या पोरांच्या हाताला नोटांची सवय राहिलेली नाही, हाही एक भाग आहे. कागद बोटाला ओळखीचा होण्याइतक्या नोटा त्यांच्या हाताखालून जातच नाहीत.

आता मूळ मुद्दा. अशी नोट हातात आली की माणूस ती बँकेत नेत नाही. एक तर पैसे बुडतात आणि दुसरं, पोलिसांची भीती. पैसे बुडतात हे खरं आहे. बँक ती नोट जप्त करते, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारते आणि पावती देते. मोबदला देत नाही. हा नियम कठोर आहे, पण भरपाईची मागणी मी करणार नाही. भरपाई सुरू झाली तर छापणाऱ्यांना बँकेची खिडकी हेच हक्काचं गिऱ्हाईक मिळेल. पोलिसांची भीती मात्र बऱ्याच अंशी अज्ञानातून आली आहे. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा एकत्र अहवाल पोलिसांकडे पाठवते. पाच किंवा जास्त निघाल्या तरच लगेच गुन्हा नोंदवायला सांगते. भारतीय न्याय संहितेच्या १८० व्या कलमाच्या स्पष्टीकरणात हेही म्हटलं आहे की नोट वैध मार्गाने आपल्याकडे आल्याचं सिद्ध केलं तर ती नुसती जवळ असणं या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. उलट खोटी आहे हे कळल्यावरही ती पुढे चालवली तर १७९ वं कलम लागतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे लोक भीतीपोटी नेमकं तेच करतात, ज्यात खरा धोका आहे. अंधारात कुणाला तरी देऊन टाकू म्हणतात, आणि तो कुणी तरी बहुधा आणखी गरीब असतो.

याला बँकांचाही हातभार लागतो. संशयित नोट परत देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. जप्त न करणं म्हणजे बनावट चलनात सामील होणं समजलं जाईल, असं त्यात बजावलं आहे. तरी ‘ही नोट चालणार नाही, दुसरी द्या’ म्हणत ती काचेखालून परत सरकवणारे रोखपाल मी पाहिले आहेत. पावती लिहिण्याचा कंटाळा, दुसरं काय. नोट परत मिळालेला माणूस ती घरी नेऊन फ्रेम करत नाही, हे त्यांना कळत नाही असं नाही.

तेव्हा विनंती इतकीच. जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेने बचत गटांच्या बैठकांत आणि आठवडे बाजाराच्या दिवशी दोन कर्मचारी पाठवून लोकांच्या बोटांना त्या रेघा लावून दाखवाव्यात. त्याला सभागृह, बॅनर, प्रमुख पाहुणे काही लागत नाही; एक खरी नोट पुरते. पावतीबाबतची सूचना प्रत्येक शाखेत लावणं बंधनकारक आहे, ती मॅनेजरच्या केबिनमागे न लावता कॅशच्या खिडकीवर लावावी. मराठीत लावावी, आणि चारपर्यंतच्या नोटांचा नियम त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरांत असावा.

आपला,
एक निवृत्त रोखपाल
तासगाव, जि. सांगली