जलसंजीवनीमागची अकरा वर्षे

महोदय,

मूलभूत संशोधनाला ‘याचा तत्काळ उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी जलसंजीवनीचा, म्हणजे जुलाबाच्या रुग्णाला पाजायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाचा (ओआरएस), इतिहास पाहावा. लहान आतड्यातील पेशी सोडियम व ग्लुकोज जोडीने आत घेतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडले, तेव्हा ते निव्वळ जीवरसायनशास्त्र होते. पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णातही ही वाट शाबूत राहते आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे पुढे रुग्णांवरील अभ्यासांतून दिसले. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना शिरेतून द्यायची सलाईन अपुरी पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याच्या सोड्याचे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. दोन-तीन वर्षांत निष्कर्ष मागणाऱ्या अनुदानातून असे काम उभे राहणे कठीण आहे. त्यासाठी दीर्घ मुदतीची तरतूद व्हावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक