पेसमेकरमागचा अभियंता

रविवारच्या पुरवणीतील पेसमेकरवरील लेखात सारे श्रेय शल्यविशारदांना दिले आहे, ते पटले नाही. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या हृदयरुग्णाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवला होता. तो काही तासांतच बंद पडला, मग दुसरा बसवला. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. पण ते २००१ पर्यंत जगले, म्हणजे एल्मक्विस्ट आणि शल्यविशारद ओके सेनिंग या दोघांच्याही नंतर! त्या अभियंत्याचा लेखात साधा नामोल्लेखही नसावा? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढले, त्या वडोदऱ्यात तरी हे खटकतेच. (माझी हयात लेथवर गेली, म्हणून मला जरा जास्त.)

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा